विश्लेषण : पाचगणीत शिकलेला फारुख बलसारा ‘फ्रेडी मर्क्युरी’ कसा झाला? ‘क्वीन’ची गाणी ५० वर्षांनंतरही का टिकून आहेत?

सामना संपतो, करंडक उंचावला जातो आणि मैदानातील ध्वनिक्षेपकांवर ‘वुई आर द चॅम्पियन्स’ वाजू लागते. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कुणीतरी बाकावर दोन थापा आणि एक टाळी असा ठेका धरतो आणि शेवटच्या बाकापर्यंत सगळे त्यात सामील होतात. यातील अनेकांनी ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा एकही अल्बम पूर्ण ऐकलेला नसतो. तरीही ठेका सगळ्यांना येतो.

ही गाणी ज्याच्या आवाजात जगभर पोहोचली, तो फ्रेडी मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये एड्सशी संबंधित न्यूमोनियाने गेला. तेव्हा तो ४५ वर्षांचा होता. त्याचे मूळ नाव फारुख बलसारा. शाळा सातारा जिल्ह्यातील पाचगणीची. स्टेडियममधील हजारो लोकांना एका इशाऱ्यावर गायला लावणारा हा गायक स्वतःबद्दल मात्र जवळपास काहीच बोलला नाही. आपले मूळ, आपले खासगी नाते, आपला आजार हे सारे त्याने झाकून ठेवले. त्याचा प्रवास, ‘क्वीन’च्या गाण्यांमागचे तंत्र आणि त्याच्या मौनाचा अर्थ जाणून घेऊ.

फारुख बलसारा कोण होता?

फारुखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमधील स्टोन टाउन येथे झाला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील हे बेट तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते आणि गादीवर सुलतान होता. वडील बोमी बलसारा ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. आईचे नाव जेर. धाकटी बहीण कश्मिरा १९५२ मध्ये जन्मली.

कुटुंब पारशी, मूळचे गुजरातमधील. ‘बलसारा’ हे आडनावच वलसाडवरून, म्हणजे इंग्रजांच्या काळातील बुलसारवरून आले. पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून व्यापारासाठी आणि नोकरीसाठी झांझिबारला जाणाऱ्यांची परंपरा जुनी होती. त्यामुळे हे कुटुंब एकाच वेळी तीन ठिकाणांशी जोडलेले होते. धर्म आणि नातेवाईक भारतातले, घर आफ्रिकेत आणि पासपोर्ट ब्रिटिश.

पाचगणीच्या शाळेत काय घडले?

फारुख आठ वर्षांचा असताना आई-वडिलांनी त्याला शिक्षणासाठी भारतात पाठवले. झांझिबारहून बोटीने मुंबई आणि तिथून पुढे घाटावर. वाईहून पसरणीचा घाट चढून गेले की पाचगणी लागते. ब्रिटिशांनी थंड हवेचे ठिकाण म्हणून वसवलेल्या या गावात निवासी शाळांची मोठी परंपरा आहे. त्यांपैकी सेंट पीटर्स स्कूलमध्ये फारुख दाखल झाला आणि सुमारे आठ वर्षे तिथेच राहिला. आई-वडील समुद्रापलीकडे असल्याने अनेक सुट्ट्या मुंबईतील नातेवाइकांकडे जात.

याच शाळेत त्याला ‘फ्रेडी’ हे नाव मिळाले. अभ्यासापेक्षा चित्रकला, नाटक, टेबल टेनिस आणि संगीत यांत तो अधिक रमे. त्याचा कान ओळखून शाळेने त्याला पियानो शिकवण्याचे सुचवले आणि पालकांनी त्यासाठी वेगळे पैसे भरले. रेडिओवर एखादी धून ऐकायची आणि लगेच पियानोवर बसून ती वाजवून दाखवायची, अशी त्याची ख्याती होती. १९५८ मध्ये, बाराव्या वर्षी, त्याने चार मित्रांसह ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. शाळेच्या कार्यक्रमांत ही मुले एल्व्हिस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवत. विशेष म्हणजे या बँडमध्ये फ्रेडी मुख्य गायक नव्हता. तो मागे बसून पियानो वाजवायचा.

पुढे अभ्यासात घसरण झाली आणि १९६३ च्या सुमारास तो शाळा सोडून झांझिबारला परतला.

झांझिबार का सोडावे लागले?

परतल्यानंतर वर्षभरातच त्याचे घर सुटले. १२ जानेवारी १९६४ रोजी झांझिबारमध्ये क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथवण्यात आली आणि त्या हिंसाचारात हजारो अरब व भारतीय वंशाचे लोक मारले गेले. बलसारा कुटुंब जे हाती लागले ते घेऊन इंग्लंडला निघाले आणि लंडनच्या पश्चिमेकडील फेल्टम या उपनगरात स्थिरावले. हीथ्रो विमानतळ तिथून जवळच आहे. फ्रेडी तेव्हा १७ वर्षांचा होता.

पुढची काही वर्षे कोणत्याही स्थलांतरित मुलाची असतात तशीच गेली. विमानतळावर सामान उचलण्याचे काम केले. आधी आयलवर्थ आणि मग ईलिंग येथील कला महाविद्यालयात शिक्षण घेतले. १९६९ मध्ये ग्राफिक डिझाइनची पदविका मिळवली. तो काळ ब्रिटनमध्ये आशियाई स्थलांतरितांविरोधात वातावरण तापलेले असण्याचा होता. खासदार इनॉक पॉवेल यांचे स्थलांतरितांविरोधातील कुप्रसिद्ध भाषण १९६८ चे. फारुख बलसाराने १९७० च्या सुमारास ‘फ्रेडी मर्क्युरी’ हे नाव धारण केले, त्याकडे पाहताना हा संदर्भ विसरता येत नाही. पुढे मुलाखतींत त्याने झांझिबार आणि पाचगणीचे विषय बहुतेक वेळा टाळलेच. तो भारतीय वंशाचा होता, हे बऱ्याच चाहत्यांना त्याच्या मृत्यूनंतर समजले.

‘क्वीन’ची जुळणी कशी झाली?

ईलिंगमधील एका वर्गमित्रामुळे फ्रेडीची ओळख ‘स्माइल’ या बँडशी झाली. त्यात गिटारवर ब्रायन मे आणि ड्रमवर रॉजर टेलर होते. १९७० मध्ये ‘स्माइल’चा गायक बाहेर पडला आणि त्याच्या जागी फ्रेडी आला. बँडचे नाव ‘क्वीन’ असावे हा आग्रह त्याचाच. १९७१ मध्ये बास गिटारवादक जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. पुढची वीस वर्षे ती बदलली नाही.

या चौकडीची शैक्षणिक पार्श्वभूमी रॉक बँडला न शोभणारी होती. ब्रायन मे इम्पिरियल कॉलेजमध्ये भौतिकशास्त्र शिकून अंतराळातील धुळीवर पीएचडी करत होता. ती अर्धवट सोडून तो बँडमध्ये रमला आणि २००७ मध्ये ती पूर्ण केली. डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. टेलर दंतवैद्यकाचे शिक्षण सोडून जीवशास्त्राकडे वळलेला.

त्यांची उपकरणेही घरगुती होती. मेची ‘रेड स्पेशल’ गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ पासून सुमारे दोन वर्षे खपून घरीच बनवली होती. तिच्या मानेसाठी जुन्या शेकोटीवरील फळीचे लाकूड आणि आतील यंत्रणेसाठी मोटरसायकलच्या इंजिनातील स्प्रिंग वापरली होती. डीकनने कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डापासून छोटा अॅम्प्लिफायर तयार केला. बॅटरीवर चालणारा हा डबा आणि घरगुती गिटार यांच्या संगमातून व्हायोलिन किंवा तुताऱ्यांचा भास देणारे सूर निघत. म्हणूनच १९७० च्या दशकातील त्यांच्या अल्बमच्या वेष्टनावर सिंथेसायझर वापरला नसल्याचे आवर्जून छापलेले असे.

या साऱ्यात फ्रेडीचा वाटा काय? आवाज आणि पियानो तर होताच. पण बँड दिसावा कसा, मंचावर उभा राहावा कसा, हेही मुख्यतः तोच ठरवत असे. ‘क्वीन’चे बोधचिन्हही त्यानेच काढले. चौघांच्या राशींवरून त्यात दोन सिंह, एक खेकडा आणि कन्या राशीसाठी दोन पऱ्या आहेत. कला महाविद्यालयातील पदविका अशी कामी आली.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ इतके वेगळे का ठरले?

पहिला अल्बम १९७३ मध्ये आला. त्याचे बरेच रेकॉर्डिंग लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत, इतर कलाकारांचे काम संपल्यानंतरच्या मोकळ्या वेळेत झाले होते. १९७४ च्या ‘किलर क्वीन’ने ब्रिटनमध्ये दुसरा क्रमांक गाठला. मात्र बँडला इतिहासात नेले ते ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी आलेल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ने.

फ्रेडीने लिहिलेले हे गाणे जवळपास सहा मिनिटांचे आहे. रेडिओवर तेव्हा साधारण तीन मिनिटांची गाणी चालत. त्यात नेहमीसारखे ध्रुवपदही नाही. सुरुवात संथ, मग पियानोवरील गाणे, मग गिटार, मध्येच ऑपेरा, त्यानंतर दणदणीत रॉक आणि शेवटी पुन्हा शांतता. २०२३ मध्ये लिलावात आलेल्या त्याच्या हस्तलिखित मसुद्यांवरून कळते की गाण्याचे नाव एका टप्प्यावर ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ होते.

ऑपेराचा भाग म्हणजे त्या काळच्या तंत्राची कसोटी होती. आज लॅपटॉपवर हवे तितके ट्रॅक घेता येतात. तेव्हा दोन इंच रुंदीच्या चुंबकीय टेपवर फक्त २४ ट्रॅक मावत. ऐकताना मोठा गायकवृंद वाटतो, पण गाणारे तिघेच आहेत. फ्रेडी, मे आणि टेलर. तिघांनी एकेक ओळ पुन्हा पुन्हा गायची, भरलेले ट्रॅक एकत्र करून एका ट्रॅकवर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा गायचे. अशा सुमारे १८० थरांतून तो भाग उभा राहिला. अडचण अशी की प्रत्येक वेळी उतरवताना टेपची खरखर वाढते आणि टेप यंत्रावरून फिरताना तिच्यावरील चुंबकीय लेप झिजतो. शेवटी टेप इतकी झिजली की तिच्यातून पलीकडचा उजेड दिसू लागला, अशी आठवण बँडने नंतर सांगितली. आणखी थोडे थर चढवले असते, तर मूळ ध्वनीच हरवण्याची भीती होती.

इतके लांबलचक गाणे चालणार नाही, असे अनेकांचे मत होते. पण निवेदक केनी एव्हरेट याने ते लंडनच्या कॅपिटल रेडिओवर वारंवार वाजवले आणि मागणी वाढत गेली. गाणे ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. टीव्हीसाठी काही तासांत चित्रित केलेल्या त्याच्या व्हिडिओने गाण्याच्या प्रसिद्धीसाठी व्हिडिओ बनवण्याची वाट रुळवली. एमटीव्ही सुरू व्हायला तेव्हा सहा वर्षे अवकाश होता.

प्रेक्षकच वाद्य कसे झाले?

‘क्वीन’ टिकून राहण्याचे सर्वांत मोठे कारण १९७७ मध्ये सापडते. मैफलींत लोक आपल्यासोबत गातात, हे बँडच्या लक्षात आले होते. एका कार्यक्रमानंतर बँड मंचावरून उतरल्यावरही प्रेक्षक गात राहिले. हा व्यत्यय न मानता गाणीच त्यांच्यासाठी लिहायची, असे मे आणि फ्रेडीने ठरवले. मेने ‘वुई विल रॉक यू’ लिहिले, फ्रेडीने ‘वुई आर द चॅम्पियन्स’.

गर्दीत उभ्या माणसाला काय करता येते? पाय आपटता येतात, टाळी वाजवता येते आणि साधी ओळ म्हणता येते. पहिल्या गाण्यात सुरुवातीला एवढेच आहे. गिटार येते ती अगदी शेवटी. रेकॉर्डिंगच्या वेळी मोजक्या लोकांनी लाकडी फळ्यांवर पाय आपटले आणि तोच आवाज अनेकदा नोंदवून घेतला. नुसती प्रतिध्वनीची जोड दिली असती, तर रिकाम्या सभागृहाचा भास झाला असता. भौतिकशास्त्र शिकलेल्या मेने प्रत्येक थराला मिलिसेकंदांचा वेगवेगळा उशीर दिला, जणू प्रत्येक माणूस ऐकणाऱ्यापासून वेगळ्या अंतरावर उभा आहे. या उशिरांची परस्पर प्रमाणे त्याने मूळ संख्यांच्या आधारे निवडली, त्यामुळे आवाज एकमेकांवर बसून कृत्रिम प्रतिध्वनी तयार झाला नाही. म्हणूनच हेडफोनवर एकट्याने ऐकतानाही आपण गर्दीच्या मधोमध उभे असल्यासारखे वाटते.

हे गाणे वाजवायला वाद्य लागत नाही. इंग्रजी येत नसले तरी ठेका धरता येतो. मैदाने, शाळा आणि मिरवणुकांपर्यंत ते पोहोचले ते यामुळेच.

बँडवर टीका कशामुळे झाली?

ही वाटचाल निष्कलंक नव्हती. ऑक्टोबर १९८४ मध्ये ‘क्वीन’ने दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे कार्यक्रम केले. वर्णद्वेषी राजवटीमुळे संयुक्त राष्ट्रांनी तिथे सांस्कृतिक बहिष्काराचे आवाहन केले होते. आपण राजकारण करत नाही, श्रोत्यांसाठी वाजवतो, ही बँडची भूमिका अनेकांना पटली नाही. ब्रिटनमधील संगीतकारांच्या संघटनेने त्यांना दंड केला. वर्णद्वेषाच्या झळा काय असतात हे ज्या कुटुंबाने पाहिले असणार, त्या घरातील गायकाने हा निर्णय घ्यावा, हे आजही अनेक चाहत्यांना खटकते.

त्याच वर्षी ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’च्या व्हिडिओत चौघे बायकांच्या वेशात दिसले. ब्रिटनमध्ये एका लोकप्रिय मालिकेची ती गंमत आहे हे लोकांनी ओळखले. अमेरिकेत मात्र त्यावर नाराजी उमटली. फ्रेडीच्या हयातीत १९८२ नंतर बँडने अमेरिकेचा दौरा पुन्हा केलाच नाही.

‘लाइव्ह एड’ची २१ मिनिटे इतकी गाजली का?

१३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी लंडन आणि फिलाडेल्फिया येथे एकाच दिवशी ‘लाइव्ह एड’ हा महाकार्यक्रम झाला. लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये सुमारे ७२ हजार प्रेक्षक होते. सन सिटीच्या वादानंतर ‘क्वीन’चे दिवस भरले, असे बोलले जात होते.

बँडने या संधीची तयारी एखाद्या परीक्षेसारखी केली. प्रत्येकाला साधारण वीस मिनिटे मिळणार होती. नवे काही ऐकवण्याच्या मोहात न पडता त्यांनी लोकांना पाठ असलेली गाणी निवडली, ती आटोपशीर केली आणि घड्याळ लावून सराव केला. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास ते मंचावर आले. दिवस अजून मावळला नव्हता, त्यामुळे रोषणाईचा आधार नव्हता. ‘रेडिओ गा गा’च्या दुहेरी टाळ्यांना हजारो हात एकाच वेळी वर गेले. मग फ्रेडीने नुसत्या आलापीसारखे सूर टाकले आणि स्टेडियमने ते जसेच्या तसे परत केले. पाचगणीत मागे बसून पियानो वाजवणारा मुलगा एकट्याच्या गळ्यावर ७२ हजार लोक सांभाळत होता. पुढे अनेक जाणकारांनी हा रॉक इतिहासातील सर्वोत्तम मंचीय आविष्कारांपैकी एक मानला.

बँडची फ्रेडीसोबतची शेवटची मैफल ९ ऑगस्ट १९८६ रोजी इंग्लंडमधील नेबवर्थ येथे झाली. तिला लाखाहून अधिक लोक होते. ती शेवटची असेल, हे प्रेक्षकांना माहीत नव्हते.

त्याचा आवाज खरेच वेगळा होता का?

फ्रेडीला वरच्या जबड्यात चार जास्तीचे दात होते आणि त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले दिसत. प्रसिद्धी आणि पैसा मिळाल्यावरही त्याने ते बदलून घेतले नाहीत. आवाज बिघडेल अशी त्याला भीती होती.

२०१६ मध्ये युरोपातील संशोधकांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांचे विश्लेषण केले. बोलण्याच्या पट्टीवरून तो मुळात खालच्या पट्टीचा, म्हणजे बॅरिटोन असावा, पण गाताना वरच्या पट्टीत सहज वावरत असे, असा निष्कर्ष निघाला. त्याच्या स्वरातील कंप सेकंदाला सुमारे सात वेळा होत असे. हा वेग नेहमीच्या गायकांपेक्षा जास्त आणि अधिक अनियमित होता. त्याचा आवाज चार सप्तकांचा होता ही प्रचलित समजूत मात्र या अभ्यासाला सिद्ध करता आली नाही.

आजार लपवून का ठेवला?

१९८७ मध्ये फ्रेडीला एचआयव्हीचे निदान झाले. तेव्हा एड्सवर प्रभावी उपचार नव्हते. पहिले औषध त्याच वर्षी मंजूर झाले होते. आयुष्य खऱ्या अर्थाने वाढवणारी अनेक औषधांची एकत्रित उपचारपद्धती १९९६ च्या सुमारास आली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी.

औषधाइतकाच अभाव सहानुभूतीचा होता. एड्सकडे समलिंगी पुरुषांना मिळालेली शिक्षा म्हणून पाहिले जाई. ब्रिटनमध्ये १९८८ मध्ये शाळा आणि स्थानिक संस्थांना समलैंगिकतेबाबत सकारात्मक बोलण्यापासून रोखणारी तरतूद कायद्यात आली. छायाचित्रकार त्याच्या घराबाहेर ठाण मांडून असत. फ्रेडीने आपल्या नात्यांबद्दल जाहीर वाच्यता कधी केली नाही. तरुणपणीची सहचरी मेरी ऑस्टिन त्याची अखेरपर्यंतची सर्वांत जवळची मैत्रीण राहिली, तर शेवटची सुमारे सहा वर्षे जिम हटन हा त्याचा जोडीदार होता. परंपरेत वाढलेल्या आई-वडिलांना धक्का बसू नये, हाही विचार त्याच्या मौनामागे होता, असे मानले जाते.

आजाराची कल्पना बँडच्या सदस्यांना होती आणि त्यांनी ती बाहेर जाऊ दिली नाही. याच काळात फ्रेडीने कामाचा वेग वाढवला. ऑपेरा गायिका मोंसेरात काबाये यांच्यासोबत ‘बार्सेलोना’ हा अल्बम केला. उभे राहणे अवघड झाले तेव्हाही स्वित्झर्लंडमधील मॉन्ट्रो येथील स्टुडिओत तो गात राहिला. आपल्या पश्चात इतरांना गाणी पूर्ण करता यावीत, म्हणून जमेल तितके ध्वनिमुद्रित करून ठेवत होता. ती गाणी १९९५ मध्ये ‘मेड इन हेवन’ या अल्बममधून आली. मे १९९१ मध्ये चित्रित झालेल्या अखेरच्या व्हिडिओत त्याची खंगलेली अंगकाठी लपत नाही.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याच्या वतीने निवेदन निघाले आणि त्याला एड्स असल्याचे जगाला अधिकृतपणे कळले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लंडनमधील राहत्या घरी त्याचे निधन झाले. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी झरथुष्ट्री पद्धतीने केले. नाव बदललेल्या फारुखला निरोप आई-वडिलांच्या प्रार्थनेतून मिळाला. त्याच्या अस्थी मेरी ऑस्टिनकडे सोपवण्यात आल्या. त्या कुठे ठेवल्या, हे तिने उघड केलेले नाही.

मौन योग्य होते का?

यावर आजही दोन मते आहेत. त्याच महिन्यात, ७ नोव्हेंबरला, अमेरिकी बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनने आपल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे स्वतःहून जाहीर केले होते. फ्रेडी काही वर्षे आधी बोलला असता, तर असंख्य रुग्णांना धीर मिळाला असता, असे एका बाजूचे म्हणणे. दुसरी बाजू सांगते, की आजारी माणसावर धीर देण्याची सक्ती करता येत नाही. ज्या समाजाने बोलणाऱ्याला वाळीत टाकले, त्याने न बोलल्याबद्दल जाब विचारू नये. आज भारतातही २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा हेच तत्त्व मानतो. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही आणि त्यावरून भेदभावही करता येत नाही.

मृत्यूनंतर मात्र त्याचे नाव या लढ्याशी जोडले गेले. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा प्रकाशित होऊन ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आले आणि त्याची कमाई एड्सवर काम करणाऱ्या संस्थेला देण्यात आली. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बलीवर झालेल्या श्रद्धांजली मैफलीत डेव्हिड बोवी, एल्टन जॉन, जॉर्ज मायकल असे कलाकार आले. त्यातून ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ उभा राहिला. ही संस्था जगभरातील एचआयव्हीविषयक कामांना आजही निधी देते.

‘क्वीन’चा वारसा आज कुठे दिसतो?

१९८१ चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हा ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम आहे. २०२२ मध्ये त्याने ७० लाखांचा टप्पा ओलांडला. गायिका लेडी गागाने आपले नाव ‘रेडिओ गा गा’वरून घेतले. जॉन डीकन १९९७ नंतर निवृत्त झाला, तर मे आणि टेलर नंतरच्या काळात गायक अॅडम लॅम्बर्टसोबत दौरे करत आले आहेत. फ्रेडीच्या सत्तराव्या जन्मदिनी एका लघुग्रहाला त्याचे नाव मिळाल्याचे मेने जाहीर केले.

२०१८ मधील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ चित्रपटाने नवी पिढी जोडली आणि रामी मालेकला ऑस्कर मिळवून दिले. मात्र त्यातील एक महत्त्वाचा प्रसंग वस्तुस्थितीला धरून नाही. ‘लाइव्ह एड’पूर्वी फ्रेडी सहकाऱ्यांना आजाराबद्दल सांगतो, असे त्यात दिसते. प्रत्यक्षात निदानच त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी झाले. वेम्बलीवर गाणाऱ्या माणसाला पुढे काय वाढून ठेवले आहे, हे माहीत नव्हते.

जन्मगावाने त्याला स्वीकारायलाही वेळ घेतला. २००६ मध्ये झांझिबारमध्ये त्याच्या साठाव्या जन्मदिनाचा नियोजित सोहळा धार्मिक गटांच्या विरोधामुळे होऊ शकला नाही. २०१९ मध्ये मात्र स्टोन टाउनमध्ये त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले.

त्याच्या बालपणाची एक खूण लंडनच्या टपाल संग्रहालयात आहे. साधारण नऊ ते बारा या वयात त्याने जमवलेल्या तिकिटांचा अल्बम. म्हणजे पाचगणीच्या काळातला. काळ्या पानांवर नक्षीसारखी मांडलेली तिकिटे पाहिली की पुढे बोधचिन्ह काढणारा हात ओळखू येतो. त्याच्या मृत्यूनंतर १९९३ मध्ये हा अल्बम विकला गेला आणि आलेले पैसे एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ला देण्यात आले.